आस्को लुक्कारिनेन, १९७३–२००४

आमच्या बँडचा पहिला आवाज नाचरा होता, हे आज कुणाला सांगितलं तर ते माझ्याकडे संशयाने बघतात. सुओनसिल्मा म्हणजे काळोख, सुओनसिल्मा म्हणजे जमिनीखालून येणारी गुरगुर, एवढंच आता सगळ्यांना ठाऊक. नावही तसंच आहे म्हणा. दलदलीत मध्येच जे काळं पाणी असतं, वरून हिरवळ दिसते आणि पाय टाकला की माणूस आत जातो, त्याचं ते नाव. पण शहाण्णव साली आम्ही पाहकावारा या आमच्या गावच्या तळ्याकाठच्या लाकडी नाचघरात पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा गावातल्या बायका नवऱ्यांना ओढून नाचायला घेऊन आल्या होत्या.

आम्ही चौघं. यार्को गिटार वाजवायचा आणि गायचा, म्हणजे गुरगुरायचा. ओस्सी ड्रमवर. मी, मेर्वी, योउहिक्को वाजवते. घोड्याच्या शेपटीचे केस ताणून केलेलं जुनं वाद्य आहे ते, मांडीवर उभं धरून गजाने वाजवायचं. आवाज सर्दी झालेल्या म्हातारीचा. आणि आस्को अकॉर्डियनवर. त्याच्या वडिलांनी त्याच नाचघरात तीस उन्हाळे अकॉर्डियन वाजवलं होतं, आणि तेच वाद्य आता पोराच्या गळ्यात होतं. यार्को गुरगुरायचा, ओस्सी दोन्ही पायांनी ढोल बडवायचा, मी करकर करायची, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या डोक्यावर आस्कोचा पोल्का नाचत असायचा. खरं सांगायचं तर बँड त्याचाच होता. बाकी आम्ही त्याच्यामागे धावत होतो.

दोन हजार दोन साली जर्मनीतल्या एका मोठ्या जत्रेवजा महोत्सवात आम्हाला बोलावलं. चिखलात हजारो लोक प्लास्टिकची शिंगं लावून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आगगाडी करून नाचले. आस्को इतका खूश होता की स्टेजवरून उतरायला तयार नव्हता. यार्कोही खूश होता, पण दोनच दिवस. मग एका मासिकात कुणीतरी लिहिलं की फिनलंडहून बिअरच्या तंबूत वाजवायला छान बँड आलाय. यार्कोने ते कात्रण गिटारच्या पेटीत चिकटवलं. पेटी उघडली की तो ते वाचायचा आणि तोंड वाकडं करायचा. त्याच्या मनाला ते फार लागलं. माणसाला शिवी सहन होते, पण कुणी त्याला ‘छान’ म्हटलेलं सहन होत नाही.

दोन हजार चारच्या जानेवारीत आम्ही नवी रेकॉर्ड करायला बसलो, तेव्हा यार्कोला सगळं संथ हवं होतं. संथ आणि जड. आस्कोने वाजवून बघितलं. त्याला संथही येत होतं, तो कामात कधी कमी पडला नाही. एका सकाळी बाकीचे तारा जुळवत होते तेव्हा त्याने एकही कळ न दाबता भाता नुसता उघडला आणि मिटला. हवेच्या बटणावर अंगठा ठेवून. नुसती हवा, आत, बाहेर, आत, बाहेर. शेजारच्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपलंय असं वाटलं. यार्को हातातलं सगळं टाकून उभा राहिला.

"हेच कर. थांबू नकोस."

"यात काही वाजत नाहीये रे," आस्को म्हणाला. "पैसे घेताना मला लाज वाटेल."

तरी त्याने चार मिनिटं केलं, आणि आम्ही ते टिपून घेतलं. दहा दिवसांनी यार्कोने सगळ्यांना आपल्या स्वयंपाकघरात बोलावलं. कॉफी होती, वेलची घातलेले गोड बन होते. आमच्याकडे वाईट बातमी कॉफीशिवाय सांगत नाहीत.

"आस्को, दौऱ्यावर तू नको," यार्को म्हणाला.

"कुठल्या दौऱ्यावर?"

"कुठल्याच."

आस्कोने हातातल्या बनकडे बघितलं. "हा खाल्ला तर चालेल ना? की हाही बँडच्या मालकीचा?"

ओस्सीला हसू फुटलं, मग हसल्याची लाज वाटून तो खाली बघू लागला.

"आवाज बदलतोय आपला," यार्को म्हणाला. "अकॉर्डियन दिसलं की लोक नाचायला लागतात. मला ते घाबरायला हवेत."

"मग तुझं थोबाड आहे की. माझी अडचण कशाला?"

"आस्को, मी चेष्टा करत नाहीये."

"ते दिसतंय." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं, मेर्वी?"

मी मूग गिळून बसले. मला नवा आवाज आवडला होता, त्यात माझं वाद्य पहिल्यांदाच नीट ऐकू येत होतं. हे मी आज बोलतेय. तेव्हा मी दुसरी कॉफी ओतून घेतली. आस्कोने बन संपवला, ‘बरं’ म्हणाला, बाहेर जाऊन अकॉर्डियनची पेटी आपल्या बर्फावरून घसरणाऱ्या ढकलगाडीच्या बैठकीवर ठेवली, आणि गोठलेल्या रस्त्यावरून एका पायाने रेटत घरी गेला. चार किलोमीटर. कुणी त्याला गाडीने सोडलं नाही. त्याच्या वाजवण्यातली ती चार मिनिटांची हवा मात्र आम्ही ठेवून घेतली. रेकॉर्ड तिथूनच सुरू होते.

आता झाडाचं सांगते. आमच्या भागात पूर्वी प्रेत घरून चर्चकडे नेताना वाटेत थांबायचे. एक पाइनचं झाड निवडायचं, त्याच्या खालच्या फांद्या छाटायच्या, साल सोलून खोडात क्रॉस, नावाची आद्याक्षरं आणि जन्ममृत्यूची वर्षं कोरायची. प्यालाभर दारू प्यायची आणि पुढे जायचं. कारण असं की मेलेल्याला घरची ओढ सुटत नाही. तो परत यायला निघतो. वाटेत झाडावर आपलं नाव वाचतो, अरे, आपण तर मेलोय, हे त्याच्या ध्यानात येतं, आणि तो मुकाट्याने कबरीकडे वळतो. त्या झाडाला कार्सिक्को म्हणतात. एका माणसाला एकच झाड. हल्ली कुणी करत नाही, पण पाहकावारात माणसं अजून अशा झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत.

मार्चमध्ये रेकॉर्डच्या वेष्टनासाठी फोटो काढायला हेलसिंकीहून एक माणूस आला. यार्कोने ठरवलं, जुन्या आवाजाचं झाड करायचं. जुना आवाज मेला, हा त्याचा क्रॉस. कल्पना आम्हा तिघांनाही थोर वाटली. चर्चच्या रस्त्यावर वळणापाशी एक उंच पाइन होता, दुपारचं ऊन त्याच्यावर छान पडलं होतं. ओस्सीने फांद्या छाटल्या. यार्कोने क्रॉस कोरला.

"नाव काय टाकायचं?" त्याने विचारलं.

"आवाजाला कुठलं नाव?" ओस्सी म्हणाला. "आस्कोचंच टाक."

आम्ही हसलो. फोटोवालाही हसला, त्याला काही माहीत नसताना. यार्कोने अक्षरं कोरली आणि त्याच्या चाकूची धार गेली. माझ्या चाकूला धार होती. म्हणून सालांचे आकडे मी कोरले. १९७३–२००४. क्रॉस यार्कोचा, पण साल माझं, आणि मी हात झटकून मोकळी होऊ शकत नाही. त्या वळणाच्या पुढे एकच घर आहे, आस्कोचं आणि त्याच्या आईचं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही असं मी बरीच वर्षं म्हणत होते. डोक्यात आलं होतं. विनोद त्याच्यातच तर होता.

रेकॉर्ड सप्टेंबरात आली. वेष्टनावर झाड. आत, कुणाच्या हुशारीने कोण जाणे, पूर्ण नाव छापलेलं, आस्को लुक्कारिनेन, १९७३–२००४. सुरुवातीलाच तो श्वास. जगाने दोन आणि दोन चार केले. आमचा अकॉर्डियनवाला वारला, आणि आम्ही त्याच्यासाठी हे शोकाचं काम केलं. पत्रं आली, फुलं आली. एका मुलाखतीत यार्कोला विचारलं, आस्कोबद्दल काही सांगाल का? यार्को मान खाली घालून गप्प बसला, बराच वेळ. यार्को गप्प बसला की लोकांना तो फार खोल वाटतो. त्याला उत्तर सुचत नसतं, हे मला माहीत आहे. त्या गप्प बसण्याने आस्को कायमचा मेला.

तो स्वतः एका दुपारी रेकॉर्ड घेऊन माझ्या दारात आला.

"यात चूक आहे," म्हणाला.

"आस्को, ऐक..."

"मी बहात्तरचा आहे. मारलंत ते ठीक, पण वय तरी नीट लावायचं."

"आपण दुरुस्त करू. मी यार्कोशी बोलते."

"बोल. घाई नाही. मेलेल्या माणसाला कसली घाई?"

मी बोलले यार्कोशी. यार्को म्हणाला, पुढच्या रेकॉर्डच्या वेळी बघू. पुढची दोन हजार आठला आली, तिच्यात पन्नास वादकांचा ताफा होता आणि आस्कोचं नाव नव्हतं. तिच्या पुढच्या वेळी यार्कोचा गळा गेला होता, गुरगुरणं बंद, तो आता कुजबुजायचा, आणि समीक्षक म्हणायचे, काय ही परिपक्वता! ओस्सीचे गुडघे गेल्यावर ताल आणखी संथ झाला, त्याचंही कौतुक झालं. आवाज बदलत गेला तो असा, एकेक अवयव निकामी होत. न बदललेली गोष्ट एकच. प्रत्येक कार्यक्रम अंधारात सुरू व्हायचा, कीबोर्डची एक कळ दाबली जायची, आणि आस्कोचा भाता श्वास घ्यायला लागायचा. लोक हात वर करायचे. काही जण रडायचे.

आस्को तेव्हा नगरपालिकेच्या ट्रॅक्टरवर पाहकावाराच्या रस्त्यांवरचं बर्फ काढत होता. रोज सकाळी चार वेळा त्या झाडावरून. जगभरातून पोरं यायची, झाडाखाली कबरीवरच्या मेणबत्त्या लावायची, बिअरचे डबे ठेवून जायची. डबे आस्कोच गोळा करायचा. एकदा मेक्सिकोहून आलेली एक मुलगी उणे वीस अंशात झाडाला मिठी मारून रडत होती. त्याने तिला ट्रॅक्टरमध्ये बसवून बसथांब्यावर सोडलं.

"मग? तू सांगितलं नाहीस तिला?" मी विचारलं होतं.

"ती विचारत होती, तुम्ही ओळखायचात का त्याला? मी म्हटलं, हो, आळशी होता."

"आस्को!"

"काय सांगणार होतो? एवढ्या लांबून आली होती बिचारी."

एकदा त्याने ग्रंथालयातल्या संगणकावर जाऊन आमच्या चाहत्यांच्या पानावर लिहिलंही, की मी आस्को, मी जिवंत आहे. लोकांनी त्याला धुऊन काढलं. मेलेल्या माणसाची थट्टा करतोस, लाज नाही वाटत? मग त्याला तिथे लिहायची बंदी घातली. हे सांगताना तो इतका हसला की त्याला खोकला आला. मीही हसले. पण त्याच्या घरात अकॉर्डियन नव्हतं आता, ते त्याने चर्चच्या सेलमध्ये देऊन टाकलं होतं. मी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "उचललं की बाहेरून आलेले लोक विचारतात, तो वारला तो अकॉर्डियनवाला तुझा कोण? कोण लागणार? सांगता येत नाही."

या जानेवारीत त्याचा फोन आला. आस्को फोन करणारा नव्हे, म्हणून मी उभीच राहिले.

"फुप्फुसात आहे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, उन्हाळा दिसेल. उन्हाळा सरलेला दिसेल असं म्हणत नाहीत."

मी फोन तोंडापासून लांब धरला.

"मेर्वी, रडू नकोस, मला ऐकू येतंय. एक काम आहे. मरायच्या आधी एकदा मला जिवंत करा. स्टेजवरून सांगा. एवढंच, की आस्को लुक्कारिनेन जिवंत आहे आणि पाहकावारात राहतो. खरं मेल्यावर सांगून काय उपयोग?"

"सांगू. नक्की सांगू."

"झाडाला हात लावू नका. झाडाने काय केलंय?"

मी त्याच दिवशी यार्कोकडे गेले. तो हल्ली गळ्याभोवती लोकरीचा पट्टा गुंडाळून बसतो. त्याने ऐकून घेतलं आणि त्याचे डोळे चमकले. मला तेच नको होतं.

"जुलै," तो कुजबुजला. "रेकॉर्डला वीस वर्षं. आपल्या तळ्याकाठी. श्वास सुरू होतो, दिवे लागतात, आणि समोर तो स्वतः, अकॉर्डियन घेऊन. मेर्वी, माणसं वेडी होतील."

"तो जुलैपर्यंत नाही टिकणार."

"टिकेल. हट्टी आहे तो."

"मार्चमध्ये टाम्पेरेला कार्यक्रम आहे. तिथे सांग. एक वाक्य आहे रे."

"टाम्पेरेत? तिथे काय आहे? उगाच वाया घालवायचं?"

"तू माणूस आहेस की कोण?"

"मला ओरडायला लावू नकोस, मला ओरडता येत नाही," तो म्हणाला, आणि गळ्याला हात लावून खिडकीबाहेर बघत बसला.

मग मी ठरवलं, मीच सांगेन. माझ्यासमोरही माइक असतो. टाम्पेरेला दिवे गेले, श्वास सुरू झाला, हात वर झाले. पहिल्या रांगेत एक चाळिशीचा माणूस होता. त्याने बाही वर सरकवली होती आणि हातावर गोंदवून घेतलेलं होतं. क्रॉस, अक्षरं, १९७३–२००४. माझंच अक्षर. सात आकडा मी जसा मध्ये आडवी रेघ देऊन काढते, तसाच्या तसा. डोळे मिटून तो श्वासाबरोबर श्वास घेत होता. माइक माझ्या ओठांपासून वीतभर होता. चार मिनिटं होती. मी काही बोलले नाही. त्या माणसाची दया आली असं म्हणता येईल, पण ते खोटं आहे. मला माझीच भीती वाटली. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग हे कोरलं कुणी? ओस्सीने ताल धरला आणि वेळ निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात लापशी खात होते तेव्हा आस्कोचा फोन आला. श्वास आता त्याच्या वाक्यांच्या मध्ये मध्ये यायला लागला होता.

"झालं?"

"झालं," मी म्हटलं.

"कोण बोललं?"

"मीच."

"काय म्हणालीस?"

"हेच की आस्को लुक्कारिनेन जिवंत आहे. पाहकावारात असतो. बर्फ काढतो."

"मग?"

"मग काय, लोक ओरडले. टाळ्या पडल्या."

"हसले का?"

"हसले. खूप हसले."

"बरं झालं. मला वाटलं, रडतील. मेला नाही म्हटल्यावर लोकांची निराशा होते कधी कधी." त्याने श्वास घेतला. "आणि यार्को?"

"यार्कोने तुझं नाव घेतलं. दोनदा."

एक खोटं बोललं की दुसऱ्याला वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही. आस्को म्हणाला, आईला सांगतो, आणि फोन तसाच चालू ठेवून तिला सांगायला गेला. स्वयंपाकघरातून त्याचा आवाज येत होता, "आई, झालं बघ! टाम्पेरेत, सगळ्यांसमोर!" मी फोन बंद केला. लापशी पुढे सरकवली.

एप्रिलमध्ये हेलसिंकी होतं. तिथे बोलून मागचं खोटं खरं करता आलं असतं. पण तो खूश होता, आणि तो खूश आहे म्हटल्यावर माझी घाईही संपली. इतकी मी हलकी आहे. मे महिन्याच्या नऊ तारखेला सकाळी तो गेला, घरी, आपल्या पलंगावर, खिडकीबाहेर बर्फ वितळून थेंब पडत असताना. मी यार्कोला फोन केला. त्याला खरंच रडू आलं, मी त्याच्यावर अन्याय करणार नाही. नाक ओढून तो म्हणाला, "म्हणजे जुलैचं काही बदलावं लागणार नाही. सगळं आधीच तसंच छापलंय." आणि मग आपण काय बोललो हे कळून त्याने फोन ठेवला.

आस्कोची आई ल्यूली अठ्ठ्याऐंशीची आहे. लहानपणापासून मी तिला मावशी म्हणते. तिने मला बोलावून घेतलं. "चाकू घेऊन ये," एवढंच म्हणाली. प्रेताची गाडी घरून निघाली, तिच्यामागे मी आणि ल्यूली मावशी माझ्या गाडीत. वळणावर तिने गाडी थांबवायला लावली, तेव्हा पुढचा ड्रायव्हर घड्याळ दाखवायला लागला, पाद्री ताटकळलाय म्हणाला. मावशी झाडाला हात लावून परत आली. "आकडे येताना नीट कर," म्हणाली.

पुरून झालं. चर्चच्या सभागृहात कॉफी झाली, भाकरीच्या थरांचा खारा केक झाला, ओस्सीने शोकपत्रं वाचली. यार्को कोपऱ्यात उभा होता. परत येताना वळणावर मी गाडी थांबवली. दुपार टळली होती तरी ऊन होतं, मेमधलं पांढरं ऊन. झाड वीस वर्षांत जाडजूड झालं होतं, जखमेच्या कडांवर साल गोल वळून आली होती आणि आकड्यांत राळ साठली होती. दोन आकडे बदलायचे होते. १९७३चं १९७२ आणि २००४चं २०२४. तीनाचा दोन, शून्याचा दोन. मी राळ खरवडली आणि कोरायला लागले. लाकूड दगडासारखं झालं होतं. मावशी गाडीच्या दाराला टेकून बघत होती.

"नीट होतोय का?"

"होतोय, मावशी."

"कर. पण त्याचा उपयोग नाही."

मी थांबले. "का?"

"अगं, वीस वर्षं तो हे वाचत गेला. दिवसातून चार वेळा, ट्रॅक्टरवरून. जिवंत असताना. हे झाड खोटं बोलतं हे त्याला पाठ आहे. आता निघेल घरी यायला, इथे नाव वाचेल आणि हसेल. थांबणार नाही."

मला पुढे कोरवेना.

"आणि त्यात तू सांगितलंस ना," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तीच गोष्ट मला सहन झाली नाही. "टाम्पेरेत. आस्को जिवंत आहे म्हणून. त्या दिवशी त्याने दाढी केली. दोन ताटल्या बटाट्याचं सूप जेवला. म्हणाला, आई, आता कुणी काही लिहू दे, मेर्वीने सांगितलंय. झाडाचं नाही, पण तुझं त्याला खरं वाटायचं."

"मावशी," मी म्हटलं. चाकू माझ्या हातातच होता. "मी बोलले नाही. टाम्पेरेत मी काही बोललेच नाही. मी त्याला खोटं सांगितलं."

ल्यूली मावशी गाडीपासून सरळ होऊन माझ्याकडे वळली. वळणावरून एक लाकडाचा ट्रक गेला, त्याची धूळ आमच्या काळ्या कपड्यांवर बसली. ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला सांगितलंस ते ठीक," ती शेवटी म्हणाली. "पण हे त्याने ऐकायला हवं. झाडाने खोटं सांगितलं, तू खोटं सांगितलंस. त्याला आपण मेलोय हे सांगणारं आता आहे कोण? मी सांगणार नाही. मी आई आहे, माझ्या तोंडून ते येणार नाही."

"मग?"

"मग काय? तू सांगशील." तिने गाडीचं दार उघडलं आणि पाय उचलून आत ठेवले, एकेक करून. "बस चटकन. तो यायच्या आत घरी पोचायला हवं."